गोल्फचे आयर्न निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराच्या गॅलरीत एक व्हाइस (पकडीचा शिकंजा) बसवून घेतला आहे. ओळखीपाळखीच्यांच्या क्लबच्या ग्रिपा, म्हणजे मुठीची रबरं, तिथे बदलून देतो. एक ग्रिप चढवायला दहा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात समोरचा माणूस आयर्नबद्दल, म्हणजे लोखंडी पात्याच्या नंबरवार क्लबबद्दल, काहीतरी विचारतोच. तेच तेच प्रश्न येत असल्याने उत्तरं एकदाची लिहून काढली. दिशा सगळीकडे उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या आहेत. डावखुऱ्यांनी त्या उलट वाचाव्यात.

माझा कल कुठे आहे ते आधीच सांगून टाकतो. मधोमध बसलेला फटका कुठल्याही आयर्नने चांगलाच जातो. दुकानात पैसे मोजायचे ते चुकलेल्या फटक्यासाठी. खालची बहुतेक उत्तरं त्याच हिशेबाने दिली आहेत.

सेटमध्ये किती आयर्न लागतात?

नियमाप्रमाणे बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. त्यात ड्रायव्हर, फेअरवे वुड, हायब्रिड (वुड आणि आयर्न यांच्या मधला), वेज (जवळच्या उंच फटक्यांचा), पटर (चेंडू होलकडे ढकलणारा) सगळे आले. आयर्नचा नेहमीचा सेट ४ किंवा ५ नंबरापासून पिचिंग वेजपर्यंत असतो. नंबर वाढला की दांडी साधारण अर्धा इंचाने आखूड होते आणि लॉफ्ट, म्हणजे पात्याचा कल, तीन-चार अंशांनी वाढतो. म्हणून ९ नंबरचा चेंडू उंच जाऊन जवळ पडतो आणि ५ नंबरचा खालून लांब जातो.

मी आत्ताच शिकायला लागलो. पूर्ण सेट घेऊन टाकू का?

नको. पहिले दोन-तीन महिने एक सेव्हन आयर्न पुरतो, आणि तोसुद्धा रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, भाड्याने किंवा कोणाकडून उसना मिळतो. नामवंत गोल्फर सेव्हे बायेस्तेरोस स्पेनमधल्या पेद्रेन्याच्या किनाऱ्यावर एकाच ३ आयर्नने वाळूत खेळत शिकला. आपल्याकडे चेंबूरच्या गल्ल्यांत पोरं बांधकामाची सळई वाकवून, वर रबरी नळी चढवून त्याच सळईने गोल्फ खेळतात आणि त्यांतल्या काहींचा हात बघून भल्याभल्या मेंबरांनी मान खाली घालावी.

कोर्सवर जायची वेळ आली की एक हायब्रिड, ७ आणि ९ आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर एवढं घ्या. नऊ होल यात आरामात होतात. बॅग हलकी राहते आणि प्रत्येक फटक्याआधी ‘कुठला क्लब काढू’ हा घोळही होत नाही. पूर्ण सेट सहा महिन्यांनी घ्या. तोवर तुमचा स्विंग इतका बदललेला असेल की आज मापून घेतलेला सेट तेव्हा लागूच पडणार नाही.

ब्लेड, कॅव्हिटी बॅक, हॉलो… नेमका फरक काय?

आयर्न हातात घेऊन त्याची पाठ बघा. पाठ सपाट असून खालच्या बाजूला लोखंडाचा जाड पट्टा असेल तर तो ब्लेड, म्हणजेच मसल बॅक. पाठीत खळगा असेल तर कॅव्हिटी बॅक. बाहेरून ब्लेडसारखा भरीव वाटतो पण आतून पोकळ आहे, तो हॉलो.

खळगा कशासाठी? डोंबाऱ्याची मुलगी दोरीवरून चालताना हातात लांब बांबू आडवा धरते. वजन दोन टोकांना पसरलेलं असलं की बांबू सहजी फिरत नाही आणि तिचा तोल राहतो. आयर्नच्या पात्याचंही तसंच. मधलं लोखंड काढून कडेला नेलं की चेंडू पात्याच्या बाहेरच्या टोकाकडे बसला तरी पातं हातात कमी पिळतं. चेंडू थोडा कमी जातो, थोडा वाकडा जातो, पण तळ्यात जात नाही. ब्लेडमध्ये वजन मध्याच्या मागेच गोळा झालेलं असतं. मध्यावर बसला तर लोण्यातून सुरी गेल्यासारखं वाटतं आणि अर्धा इंच बाजूला बसला तर पंधरा-वीस यार्ड कुठे गेले ते कळत नाही.

ही कल्पना लोकांपर्यंत पोचवण्यात मोठा वाटा कार्स्टन सोल्हाइम यांचा. नॉर्वेत जन्मलेले, जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करणारे इंजिनिअर. त्यांना पटिंग जमेना म्हणून १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आपल्या गॅरेजमध्ये त्यांनी टोक आणि टाच (दांडीकडची बाजू) जड असलेला पटर बनवला. चेंडूला लागल्यावर तो ‘पिंग’ असा वाजायचा, म्हणून कंपनीचं नावही पिंग. तोच विचार पुढे आयर्नमध्ये आला. १९८२ चा आय टू हा सेट अजूनही एखाद्या जुन्या मेंबराच्या बॅगेत दिसतो आणि दिसला की मी तो हातात घेऊन बघितल्याशिवाय राहत नाही.

पाठीबरोबर आणखी दोन गोष्टी बघा. चेंडूमागे ठेवल्यावर वरून दिसणारी कड (टॉपलाइन) जाड असेल आणि तळ (सोल) रुंद असेल, तर तो सेट नवशिक्यांना सांभाळून घेणारा. कड बारीक आणि तळ अरुंद असेल तर तो तुमच्याकडून हिशेब मागणारा.

माझी पातळी नक्की कोणती, हे कसं ओळखायचं? हँडिकॅपवरून?

हँडिकॅप हा खेळाडूच्या पातळीचा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला. त्यावरून अंदाज येतो, निकाल लागत नाही. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत आहे आणि त्यात कमाल आकडा ५४ आहे. पण २० हँडिकॅपच्या दोन माणसांमध्ये एकाचे आयर्न छान असतात आणि तो पटिंगमध्ये बुडतो, तर दुसरा चिपिंगवर (होलजवळच्या छोट्या फटक्यांवर) तगतो आणि आयर्नने माती उकरतो. दोघांना एकच सेट कसा देणार?

त्यापेक्षा हे करा. पावलांना मारायचा पावडरचा स्प्रे मिळतो, त्याचा पातळ थर सेव्हन आयर्नच्या पात्यावर मारा. दहा चेंडू मारा. पात्यावर ठसे उमटतील. पुसू नका, फोटो काढा. सगळे ठसे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जात असतील तर दुकानातला कुठलाही सेट तुमचा. लिंबाएवढ्या जागेत असतील तर बारीक बांध्याचा कॅव्हिटी बॅक किंवा हॉलो. टोकापासून टाचेपर्यंत गोवर आल्यासारखे पसरले असतील, तर रुंद तळाचा, मोठ्या पात्याचा गेम इम्प्रूव्हमेंट सेट घ्या आणि लाजू नका.

ठसे एका जागी आहेत पण ती जागा मध्य नाही, असंही होतं. सगळे टाचेकडे किंवा सगळे टोकाकडे. तेव्हा दोष बहुतेक दांडीच्या लांबीत किंवा उभं राहण्याच्या अंतरात असतो. एकदा एक कॅडी माझ्या पात्याकडे बघून म्हणाला, “साहेब, क्लब बदलायच्या आधी अर्धं पाऊल मागे सरका की.” सरकलो. ठसे मध्यावर आले. नवा सेट वाचला.

सात वर्षं खेळतोय, हँडिकॅप १६. आता ब्लेड घेतले तर खेळ सुधारेल ना?

हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, आशीर्वाद हवा असतो. मीही याच वाटेने गेलोय. दुकानात ब्लेडचा सेट आरशासारखा चमकत होता, विक्रेत्याने “सर, तुमच्या स्विंगला शोभेल” म्हटलं, आणि मी विरघळलो. डिसेंबरात सकाळी सातला येरवड्याच्या कोर्सवर पहिला फटका थिन बसला, म्हणजे पात्याची खालची कड चेंडूला लागली, आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. तीन वर्षं ते हट्टाने वापरले आणि स्कोअर जिथल्या तिथे.

‘ब्लेड चूक दाखवतात म्हणून माणूस शिकतो’ असं सांगणारे भेटतात. चूक तुम्हाला पावडरचा स्प्रेही दाखवतो, आणि त्यासाठी रविवारचा राउंड वाया जात नाही. हौस असेल तर सरावासाठी एकच जुना ब्लेड घ्या, ६ किंवा ७ नंबरचा, आणि रेंजवर मारा.

मधली वाट म्हणजे कॉम्बो सेट. ९ आणि पिचिंग वेज बारीक पात्याचे, ४-५-६ मोठ्या पात्याचे किंवा पोकळ. व्यावसायिकांपैकीही बरेच जण असंच मिसळून वापरतात. टेलरमेडचा पी ७९० हा पोकळ, आत फोम भरलेला आयर्न २०१७ मध्ये आला. १० ते १८ हँडिकॅपच्या लोकांना ब्लेडचं रूप आणि कॅव्हिटीची माफी दोन्ही हवं असतं. अशांचा त्याच्यावर आणि त्याच्या जातभाईंवर जीव असतो. जीव जडण्यासारखा आहेही, किंमत सोडून.

नव्या सेटचा सेव्हन आयर्न जुन्यापेक्षा वीस यार्ड लांब जातो. एवढी प्रगती?

पात्यावरचा आकडा ७ आहे, पण लॉफ्ट बघा. तीस-चाळीस वर्षांपूर्वी सेव्हन आयर्नचा लॉफ्ट ३६ अंशांच्या आसपास असायचा. आजच्या ब्लेडमध्ये तो ३४ च्या आसपास आहे. गेम इम्प्रूव्हमेंट सेटमध्ये २८ ते ३०, काहींत त्याहून कमी. म्हणजे तुमचा नवा सात खरा तर जुना साडेपाच आहे. दुकानातल्या स्क्रीनवर आकडा मोठा दिसला की पाकीट लवकर उघडतं, हे कंपन्यांना चांगलं ठाऊक आहे.

त्यात सगळीच फसवणूक आहे असं नाही. या सेटचा गुरुत्वमध्य खाली असतो, त्यामुळे कमी लॉफ्टनेही चेंडू वर चढतो. पण दोन गोष्टी तपासा. एक, चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, थांबतो का? एप्रिलमध्ये ग्रीन फरशीसारखं कडक झालेलं असतं आणि कमी फिरकीचा, खालून आलेला चेंडू टप्पा घेऊन मागच्या बंकरात (वाळूच्या खड्ड्यात) जातो. लांबीपेक्षा तो किती उंचीवरून पडतो ते महत्त्वाचं.

दोन, पिचिंग वेजचा लॉफ्ट. जुन्या सेटमध्ये तो ४६ ते ४८ असायचा, नव्यात ४३ च्या आसपास. तुमचा सँड वेज ५६ चा असेल तर मध्ये १३ अंशांचं खिंडार पडलं. ९० यार्डांवरून काय मारणार? ४८-४९ चा एक गॅप वेज घ्यावाच लागतो. सेटची किंमत ऐकताना त्याचीही धरा.

स्टील शाफ्ट की ग्रॅफाइट?

शाफ्ट म्हणजे दांडी. स्टीलच्या शाफ्टचं वजन ढोबळपणे ९५ ते १३० ग्रॅम, ग्रॅफाइटचं ५० ते ८०, काही त्याहून जड. हलका शाफ्ट वेग थोडा वाढवतो आणि हाताला बसणारा हादरा शोषतो. कोपर दुखतं, मनगट दुखतं, साठी उलटली आहे, किंवा सराव सगळा काँक्रीटवर टाकलेल्या मॅटवर होतो, तर बिनधास्त ग्रॅफाइट घ्या. ‘ग्रॅफाइट म्हणजे म्हाताऱ्यांचा’ हा समज जुना झाला. तब्येत दणकट आणि टेम्पो, म्हणजे स्विंगची लय, झपाट्याचा असेल तर स्टीलने चेंडू एका रेषेत राहतो.

फ्लेक्स, म्हणजे लवचिकपणा, अक्षरांनी सांगतात: लेडीज, सीनियर, रेग्युलर, स्टिफ, एक्स्ट्रा स्टिफ. गंमत अशी की या अक्षरांचं कुठलंही ठरलेलं माप नाही. एका कंपनीचा रेग्युलर दुसऱ्याच्या स्टिफइतका ताठ असू शकतो. सेव्हन आयर्न हवेतून १५० यार्ड जात नसेल तर स्टिफच्या वाटेला जाऊ नका, एवढा माझा ठोकताळा. शाफ्ट फार ताठ असला की चेंडू सहसा खालून आणि उजवीकडे जातो, आणि माणूस समजतो आपला स्विंगच बिघडला.

लाय अँगल म्हणजे काय? तो खरंच तपासायला हवा?

हवा. पैसे कमी आणि फरक मोठा, अशी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. दांडी आणि तळ यांच्यातला हा कोन. चेंडूला लागताना टोक वर उचललेलं असेल तर पातं डावीकडे बघतं आणि चेंडू डावीकडे जातो. टाच वर असेल तर उजवीकडे. उंच माणसाला सहसा जास्त उभा कोन लागतो, बुटक्याला पसरट. पण हात लांब असले की उंच माणसालाही नेहमीचा चालतो, म्हणून मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतरही मोजतात.

घरच्या घरी बघायचं असेल तर व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर जाड उभी रेघ ओढा. रेघ पात्याकडे करून, उभी धरून चेंडू ठेवा आणि मारा. रेघेचा ठसा पात्यावर उमटतो. तो खोबणींना काटकोनात असेल तर कोन बरोबर. वरचं टोक पात्याच्या टोकाकडे झुकलं असेल तर क्लब जास्त उभा आहे, टाचेकडे झुकलं असेल तर जास्त पसरट. एका ठशावर जाऊ नका, पाच-सहा बघा.

फोर्ज केलेलं मऊ कार्बन स्टील एक-दोन अंश सहज वाकवता येतं. कडक स्टेनलेसचं ओतीव पातं वाकवताना तुटू शकतं. तिथे हात घालणाऱ्याने हे काम आधी केलेलं असावं. मी गॅलरीत हे करत नाही, आग्रह करू नये.

३ आणि ४ आयर्न घेऊ की हायब्रिड?

हायब्रिड. नव्या सेटमधल्या ४ आयर्नचा लॉफ्ट २०-२१ अंश असतो, म्हणजे जुन्या काळचा ३ आयर्न किंवा त्याहून अवघड. सेव्हन आयर्न १३० यार्डांच्या आत पडत असेल तर ५ नंबरही काढून टाका.

आपल्याकडच्या जमिनीचा काही फरक पडतो का?

पडतो, आणि कंपन्यांच्या माहितीपत्रकांत हे सापडत नाही. मे महिन्यात फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्यावर) गवत विरळ आणि खाली जमीन टणक. रुंद तळाचा क्लब चेंडूच्या जरा मागे पडला तर उसळतो आणि पातं चेंडूच्या पोटाऐवजी कमरेला लागतं. जुलैत त्याच जागी चिखल, आणि तिथे अरुंद तळाचं पातं कुदळीसारखं रुततं. म्हणजे उन्हाळ्यात एक सेट आणि पावसाळ्यात एक? तेवढी ऐपत असली तर या पानावर कशाला याल! बाराही महिने खेळणाऱ्या मधल्या पातळीच्या माणसाने मध्यम रुंदीचा, पुढची कड किंचित घासून गोल केलेला तळ बघावा. फटके नेहमी मागे पडत असतील तर मात्र रुंद तळच बरा.

सेकंडहँड घेताना काय बघायचं?

माझ्या मते पहिला सेट सेकंडहँडच घ्यावा. पाच-सात वर्षं जुना कॅव्हिटी बॅक आजच्यापेक्षा फार मागे नाही. बघताना सगळे क्लब एका रांगेत भिंतीला टेकवून ठेवा. लांबी पायरीपायरीने कमी व्हायला हवी. मध्येच एखादा जास्त लांब किंवा आखूड असेल तर त्याचा शाफ्ट बदललेला आहे. ८, ९ आणि वेजच्या खोबणी नखाने चाचपा. नख अडकायला हवं. शाफ्ट पात्यात शिरतो तिथली काळी प्लॅस्टिकची कडी (फेरुल) सैल असेल किंवा पातं हलवल्यावर आत खुळखुळत असेल तर किंमत पाडा, नाहीतर सोडून द्या. स्टीलच्या शाफ्टवर गंजाचे फोड आले असतील तर घेऊ नका, मुंबई-गोव्याच्या दमट हवेत राहिलेल्या बॅगांत हे फार दिसतं.

पिंगचा सेट असेल तर पाठीमागचा रंगीत ठिपका बघा. काळा म्हणजे नेहमीचा लाय, निळा म्हणजे जास्त उभा, लाल म्हणजे पसरट. सगळ्या क्लबवर एकच रंग हवा.

ग्रिपा गुळगुळीत झाल्या असतील तर घाबरू नका, त्या बदलता येतात.

अमेरिकेतला भाऊ येतोय. त्याच्याकडून मागवू का?

मागवा, तिकडे निवड मोठी आणि बहुधा स्वस्तही. पण आधी इथे रेंजवर कोणाचा तरी तोच सेट मारून बघा, आणि भावाला पातं, शाफ्टचं नाव, फ्लेक्स, लांबी, लाय सगळं लिहून पाठवा. ‘उजव्या हाताचा’ हेसुद्धा लिहा. आमच्याकडे एका काकांच्या जावयाने सेलमध्ये अर्ध्या किमतीला मिळाला म्हणून आनंदाने सेट आणला. तो डावखुऱ्यांचा होता. काका जावयाला काय बोलणार! सहा महिने तो सेट दिवाणखान्यात उभा होता.

बायकोसाठी ‘लेडीज सेट’ आणि मुलासाठी माझा जुना कापून?

पहिल्याबद्दल: लेबलवर जाऊ नका, त्यांना मारून बघू द्या. लेडीज शाफ्ट हलका आणि लवचिक असतो. टेनिस, बॅडमिंटन खेळलेल्या बाईला तो वेतासारखा वाटेल आणि सीनियर किंवा रेग्युलरच बरोबर बसेल. उलट बऱ्याच पुरुषांना सीनियर फ्लेक्सने फायदा होईल, पण ते नाव ऐकूनच तो घेत नाहीत.

दुसऱ्याबद्दल: कापू नका. दांडी आखूड केली की ती आणखी ताठ होते आणि खालचं पातं मोठ्या माणसाच्याच वजनाचं राहतं. पोरगं ते उचलायला सगळं अंग फेकतं आणि ती सवय पुढे वर्षानुवर्षं सुटत नाही. मुलांचे हलके क्लब दोन-तीनच घ्या. वाढलं की धाकट्या भावंडाला.

सगळे आयर्न एकाच लांबीचे असतात म्हणे, ते कसे?

अमेरिकन व्यावसायिक गोल्फर ब्रायसन डिशाम्बो वापरतो ते. सगळ्यांची लांबी साधारण सेव्हन आयर्नएवढी, म्हणजे उभं राहणं आणि चेंडूची जागा बदलावी लागत नाही. कल्पना पटण्यासारखी आहे. अडचण टोकांना येते: ४-५ नंबर पुरेसे लांब जात नाहीत आणि वेज जरा जास्तच जातात. आठवड्यातून एकदाच खेळणाऱ्याने करून बघायला हरकत नाही.

फिटिंगला कधी जावं?

पावडरचे ठसे महिनाभर साधारण एकाच जागी येऊ लागले की. जाताना ताजेतवाने जा, १८ होल खेळून दमून नको. आपला सध्याचा सेव्हन आयर्न बरोबर न्या आणि आधी त्याचे आकडे घ्यायला सांगा. नाहीतर नवं कशाशी ताडणार? आणि तिथे सगळ्यात लांब गेलेल्या चेंडूकडे बघू नका. दहा चेंडूंतले सगळ्यात वाईट तीन कुठे पडले, ते विचारा. फिटर चांगला असेल तर हसेल आणि खुर्ची पुढे ओढेल.

ग्रिप किती दिवसांनी बदलायची?

आठवड्याला एक राउंड धरला तर वर्षाने. घामाने आणि उन्हाने रबर कडक होतं. मधल्या काळात कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने घासून, पुसून सावलीत वाळवा. पावसाळ्यात खेळून आलात की बॅग डिकीत ठेवून देऊ नका. क्लब बाहेर काढा, हेडकव्हरं वेगळी वाळवा. बदलायला आणणार असाल तर शनिवारी दुपारनंतर या. गॅलरीत सॉल्व्हंटचा वास असतो, चहा आत घेऊ.